बोधिशाखा नेणारी संघमित्रा

मार्गशीर्ष शुद्ध पौर्णिमा म्हणजे श्रीदत्तजयंतीचा पुण्यदिवस. औदुंबराला प्रदक्षिणा घालणाऱ्या भाविकांस आज आम्ही समुद्रापलीकडील एका वृक्षाचे, आणि तो तेथे नेणाऱ्या एका साध्वीचे आख्यान सांगणार आहोत. श्रीलंकेत याच पौर्णिमेला उंदुवप असे म्हणतात. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा बोधिवृक्षाची शाखा घेऊन त्या द्वीपावर आली, त्याचे स्मरण तेथील बौद्धजन या दिवशी करतात.

तिचे चरित्र मिळते ते दीपवंस आणि महावंस या लंकेतील पाली ग्रंथांत. पहिला सुमारे चौथ्या शतकातला, दुसरा त्यानंतरचा, दोन्ही पद्यमय. आपल्या पुराणांत वंशानुचरित असते, तसेच यांचे स्वरूप.

हे ग्रंथ सांगतात की, राजपुत्र अशोक उज्जयिनीस जात असता विदिशेच्या एका श्रेष्ठीची कन्या देवी हिच्याशी त्याचा विवाह झाला. तिला महेंद्र हा पुत्र आणि दोन वर्षांनी संघमित्रा ही कन्या झाली. संघमित्रेचा विवाह अग्निब्रह्मा याच्याशी होऊन तिला सुमन नावाचा पुत्र झाला. वयाच्या १८ व्या वर्षी तिने प्रव्रज्या घेतली. पुढे महेंद्र धर्मोपदेशासाठी लंकेस गेला. त्याच्यासमवेत सुमनही गेला. त्याच सुमारास आपल्या महाराष्ट्रात महाधर्मरक्षित नावाचे स्थविर पाठविले गेले, असेही महावंसात आहे.

लंकेत युवराजाची पत्नी अनुला हिला शेकडो स्त्रियांसह दीक्षा हवी होती. परंतु भिक्षूने स्त्रीला दीक्षा देणे नियमात बसत नव्हते. तेव्हा महेंद्राने भगिनीला बोलावणे पाठविले. पुत्र गेला, नातू गेला, आता कन्याही निघाली, या विचाराने सम्राटाचे अंतःकरण व्याकुळ झाले. दिगंत जिंकणारा तो पुरुष येथे केवळ पिता होता. पण बंधूची आज्ञा आणि वाट पाहणाऱ्या त्या स्त्रिया यांपुढे संघमित्रेने पितृमोह आवरला. सुवर्णकलशातील बोधिशाखेसह ती ताम्रलिप्तीहून नौकेने निघाली. जंबुकोल बंदरात राजा देवानांपिय तिष्य गळ्याइतक्या पाण्यात उतरून त्या वृक्षाला सामोरा गेला. शाखा अनुराधपुरास रुजली. अनुलेला दीक्षा मिळाली. संघमित्रेने उर्वरित आयुष्य तेथेच वेचले. तिने स्वतः दाखविलेल्या, बोधिवृक्ष दिसेल अशा स्थळी तिच्या देहाला अग्नी देण्यात आला.

अशोकाच्या शिलालेखांत ताम्रपर्णीचा, म्हणजे लंकेचा उल्लेख आहे. या कन्येचे नाव नाही. मग या ग्रंथांचे मोल काय? आपल्या पुराणांत अशोक राजांच्या यादीतील एक नाव होऊन राहिला होता. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली, पण लेखांतील देवानंपिय पियदसि कोण, हे कळेना. जॉर्ज टर्नर यांनी दीपवंसाच्या आधारे तो अशोक असल्याचे दाखविले. आपलाच सम्राट आपल्याला लंकेच्या पोथीने परत दिला.

संघमित्रेची परंपराही अशीच फिरून आली. इ. स. ४३३ च्या सुमारास लंकेच्या भिक्षुणींनी चीनमधील स्त्रियांना उपसंपदा दिली. अकराव्या शतकाच्या सुमारास लंकेतील भिक्षुणीसंघ लोपला. पण १९९८ मध्ये बोधगया येथे चिनी परंपरेतील भिक्षुणींच्या साह्याने लंकेच्या स्त्रियांना पुन्हा उपसंपदा मिळाली. त्याविषयी तेथील संघात मतभेद आहेत. तथापि दीपाने दीप लागला, हे कोण नाकारील?

या ग्रंथांनी सिंहली जनांना आपण धर्मद्वीपाचे रक्षक आहोत ही ओळख दिली. पोथ्या, विहार आणि तो वृक्ष त्यांनी प्राणपणाने जपला, तो या भावनेनेच. मात्र हीच ओळख पुढे काहींच्या हाती शेजाऱ्याला परका ठरविण्याचे साधन झाली. १९८३ ते २००९ या काळात ते बेट यादवीत होरपळले. मे १९८५ मध्ये तमिळ बंडखोरांनी त्याच बोधिवृक्षाच्या परिसरात यात्रेकरूंचे प्राण घेतले. सूडाला ना सिंहली कळतो ना तमिळ.

पण महावंस काय सांगतो? शाखा उतरली ते जंबुकोल आजच्या तमिळभाषी जाफना प्रांतात आहे. तिच्या पहिल्या आठ रोपांपैकी एक तिवक्क नावाच्या ब्राह्मणाच्या गावी लागले, एक काजरग्रामी. काजरग्राम म्हणजे आजचे कतरगाम. तेथे हिंदू आणि बौद्ध दोघेही कार्तिकेयापुढे हात जोडतात. शत्रुपक्षाचा तमिळ राजा एळार याच्या न्यायाची थोरवीही याच ग्रंथाने गायिली आहे.

आम्ही कीर्तनकार जाणतो की, आख्यान अर्धे सांगितले तर श्रोता अर्धाच धर्म घरी नेतो. पूर्वजांचा ग्रंथ उघडावा तो शेवटच्या पानापर्यंत वाचण्यासाठी. संघमित्रेने नेलेल्या वृक्षाची सावली अनुराधपुरी आजही आहे. सावलीत बसणाऱ्याला वृक्ष कुळ विचारीत नाही. आज औदुंबराखाली बसताना एवढे ध्यानी धरले, तरी या साध्वीला आपले वंदन पोहोचेल.