शिखरावर ठेवलेली पेन्सिल : तेनसिंग नोर्गे



एव्हरेस्ट प्रथम कोणी सर केले, असे वर्गात विचारले की मुले पटकन हिलरी आणि तेनसिंग ही नावे सांगतात. तारीखही पाठ असते, २९ मे १९५३. पण त्याआधीची अठरा वर्षे सांगायची राहूनच जातात. आज तीच सांगते.

तेनसिंग यांचा जन्म १९१४ चा, एका गरीब शेर्पा कुटुंबातला. जन्मतारीख नक्की माहीत नसल्याने पुढे २९ मे हाच त्यांचा वाढदिवस ठरला. लहानपण याक राखण्यात गेले. शाळा नशिबी नव्हती. लिहिता-वाचता येत नव्हते, पण ऐकून ऐकून ते अनेक भाषा बोलायचे. तरुणपणी कामासाठी दार्जिलिंग गाठले.

१९३५ साली ते हमाल म्हणून पहिल्यांदा एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेले. शिखर मिळाले नाही. पुन्हा गेले, पुन्हा परतले. १९५२ मध्ये तर एकाच वर्षात दोनदा! त्यातल्या पहिल्या खेपेला स्विस गिर्यारोहक लँबर्ट यांच्याबरोबर ते सुमारे ८६०० मीटरपर्यंत पोहोचले होते. शिखर समोर, तरी मागे फिरावे लागले. विचार करा, काय वाटले असेल!

१९५३ ची त्यांची सातवी मोहीम. वाटेत हिलरी बर्फाच्या भेगेत कोसळले, तेव्हा तेनसिंग यांनीच दोर घट्ट धरून त्यांना वाचवले. २९ मे रोजी सकाळी साडेअकरा वाजता दोघे माथ्यावर उभे राहिले. जेमतेम पंधरा मिनिटे तिथे होते. तेवढ्यात तेनसिंग यांनी बर्फात थोडा खाऊ पुरला आणि सोबत एक लाल-निळी पेन्सिल ठेवली. ती त्यांच्या धाकट्या लेकीने दिलेली होती. स्वतः अक्षर न शिकलेल्या बापाने जगातल्या सर्वांत उंच जागी पेन्सिल ठेवली, हे वाचले तेव्हा माझ्यातली शिक्षिका गप्पच झाली.

१९५४ मध्ये दार्जिलिंगला गिर्यारोहण संस्था सुरू झाली. तिथे तेनसिंग वर्षानुवर्षे तरुणांना शिकवत राहिले. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ९ मे १९८६ रोजी त्यांचे निधन झाले.

पालकहो, निकालाच्या दिवशी मूल खट्टू होऊन घरी आले, तर गुण विचारण्याआधी त्याला या सहा परतीच्या वाटा सांगा. आणि शिक्षक मित्रांनो, वर्गात एक प्रश्न जरूर विचारा : तुम्ही शिखरावर काय ठेवाल? उत्तरे ऐकाच!