दोन्ही बाजू शिकविणारा शिक्षक : हेन्री डेरोझिओ

अवघे बावीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या एका शिक्षकाची आठवण आम्ही या स्मरणिकेच्या निमित्ताने जागवीत आहोत. हेन्री लुई व्हिवियन डेरोझिओ यांचा जन्म १८ एप्रिल १८०९ रोजी कलकत्त्यात झाला. वडील पोर्तुगीज-भारतीय वंशाचे, तर आई इंग्रज होती. डेव्हिड ड्रमंड या स्वतंत्र विचारांच्या स्कॉटिश शिक्षकाच्या धरमतल्यातील शाळेत त्यांचे शिक्षण झाले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. काही काळ कारकुनी केल्यावर ते भागलपूरला नातलगांच्या निळीच्या कारखान्यावर राहिले. तेथे त्यांनी विपुल वाचन केले व कविता लिहिल्या. १८२६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिक्षक झाले.

डेरोझिओ इंग्रजी साहित्य आणि इतिहास शिकवीत. तथापि त्यांचा खरा विषय विचार करणे हा होता. कोणतेही मत, मग ते शास्त्राचे असो, वडीलधाऱ्यांचे असो वा खुद्द शिक्षकाचे असो, कारण विचारल्याशिवाय स्वीकारू नये, अशी त्यांची शिकवण होती. १८२८च्या सुमारास त्यांनी ॲकॅडेमिक असोसिएशन ही वादसभा सुरू केली. दैव आणि इच्छास्वातंत्र्य, सद्गुण आणि दुर्गुण, मूर्तिपूजा, पुरोहितशाही, ईश्वराचे अस्तित्व अशा विषयांवर तेथे विद्यार्थी बोलत. डेव्हिड हेअर यांच्यासारखे शिक्षणप्रेमी त्या सभेस उपस्थित राहत.

साहजिकच सनातनी घरांत खळबळ माजली. पालक मुलांना कॉलेजातून काढू लागले. एप्रिल १८३१ मध्ये व्यवस्थापकांची बैठक भरली. डेरोझिओ तरुणांना शिकविण्यास अपात्र आहेत, हे बहुसंख्य सदस्यांना पटले नाही. तरीही लोकभावना प्रक्षुब्ध असल्याने त्यांना दूर करणे इष्ट, असे ठरले. या दुसऱ्या प्रश्नावर होरेस हेमन विल्सन आणि डेव्हिड हेअर यांनी मत दिले नाही. डेरोझिओंना बाजू मांडण्याची संधीच मिळाली नाही. राजीनामा देताना त्यांनी याच अन्यायावर बोट ठेवले.

त्यानंतर विल्सन यांनी त्यांच्याविषयीच्या प्रवादांबाबत विचारणा केली. त्यास डेरोझिओंनी दिलेले उत्तर आम्हा शिक्षकांनी अभ्यासावे असे आहे. ईश्वर नाही असे मी शिकविले, हा आरोप त्यांनी नाकारला. ईश्वराविषयी शंका घेणारा डेव्हिड ह्यूम यांचा युक्तिवाद त्यांनी विद्यार्थ्यांसमोर ठेवला होता. त्याचबरोबर त्याचे खंडन करणारी रीड आणि ड्यूगल्ड स्टुअर्ट यांची उत्तरेही शिकविली होती. एकच बाजू दाखवून मुलांना हटवादी बनविणे हे शिक्षकाचे काम नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. आईवडिलांची अवज्ञा शिकविल्याचा आरोपही त्यांनी फेटाळला. घर सोडू पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याला आपण परावृत्त केले होते, हे त्यांनी निदर्शनास आणले.

नोकरी गेल्यावर त्यांनी वृत्तपत्र चालविले. परंतु २६ डिसेंबर १८३१ रोजी पटकीने त्यांचे निधन झाले. विद्यार्थ्यांच्या मार्गांवरून त्यांच्या अध्यापनाचे मर्म कळते. कृष्णमोहन बॅनर्जी ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले. रामतनू लाहिरी यांनी जानवे त्यागले, पण ते ब्राह्म विचारांकडे वळले. राधानाथ सिकदर यांनी हिमालयातील सर्वोच्च शिखराच्या उंचीचे गणित मांडले. गुरूने एकच मत घोटवून घेतले असते, तर शिष्य इतक्या वेगवेगळ्या वाटांनी गेले नसते.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून एक उणीव नोंदविणे आम्ही कर्तव्य समजतो. हिंदू कॉलेज हे प्रतिष्ठित हिंदू घराण्यांतील मुलांसाठी होते. त्या तरुणांनी जातिभेदावर कठोर टीका केली; पण ज्यांना जातीचे चटके बसत होते, त्यांची मुले त्या वर्गात नव्हती. दोन्ही बाजू ऐकाव्यात म्हणणाऱ्या सभेतही एक बाजू बोलायलाच आली नाही. हा दोष डेरोझिओंचा नव्हे, त्या संस्थेच्या बंद दाराचा होता. म्हणून वादग्रस्त प्रश्न वर्गात आणताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की येथे कोण बोलत आहे आणि कोणाला बोलावलेलेच नाही.

आजही वक्तृत्वस्पर्धेत आमची मुले पाठ केलेले भाषण जोशात म्हणतात आणि आम्ही टाळ्या वाजवितो. त्याऐवजी आरक्षण, अंधश्रद्धा किंवा आंतरजातीय विवाह असा विषय द्यावा. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडायला सांगावे आणि मग पुरावा कोणता, गृहीत कोणते, निष्कर्ष त्यातून खरोखर निघतो का, हे तपासायला लावावे. आमच्या वसतिगृहातील मुलांना उद्या असे युक्तिवाद ऐकावे लागतील, ज्यांत त्यांचे माणूसपणच पणाला लागलेले असेल. तेथे घोषणा पुरणार नाही. समोरच्याच्या युक्तिवादातील कच्चा दुवा नेमका दाखविता आला पाहिजे. ते बळ मुलांना देणे, हेच डेरोझिओंचे खरे स्मरण होय.