झेंड्याची भाषा शिकलेला सैनिक : कर्नल ऑल्कॉट

आपल्या विहारांवर फडकणाऱ्या पंचरंगी धम्मध्वजाच्या आकारामागे एक जुना सैनिक आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हेन्री स्टील ऑल्कॉट यांचा जन्म २ ऑगस्ट १८३२ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात झाला. तरुणपणी त्यांचा विषय शेती. गोड ज्वारीवर त्यांनी पुस्तकही लिहिले होते.

१८६१ साली गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. ऑल्कॉट उत्तरेच्या सैन्यात गेले आणि संदेश विभागात अधिकारी झाले. विभाग अगदी नवा. मायर नावाच्या लष्करी डॉक्टरांनी बसवलेली पद्धत युद्ध चालू असतानाच शिकावी लागे. १२ फुटी काठीला ४ फुटांचे चौकोनी निशाण लावायचे, ते डावी-उजवीकडे झुकवून अक्षरे जुळवायची, आणि पलीकडच्या अधिकाऱ्याने ती दुर्बिणीतून वाचायची. मागे झाडी असेल तर पांढरे निशाण, समुद्रावर तांबडे, बर्फावर काळे. रात्री टर्पेंटाइनच्या दोन मशाली : एक हालती, दुसरी जमिनीवर स्थिर. ती स्थिर मशाल नसेल तर अंधारात डावे कोणते नि उजवे कोणते हेच कळणार नाही!

फेब्रुवारी १८६२ मध्ये जनरल बर्नसाइड यांच्या फौजेने उत्तर कॅरोलिनातील रोआनोक बेट घेतले. त्या मोहिमेत ऑल्कॉट होते. पुढे तापाने आजारी पडून ते न्यूयॉर्कला परतले. मग सरकारने त्यांना लष्करी खरेदीतील लबाड्या शोधायला लावले.

१८७९ मध्ये ते मुंबईत उतरले. २५ मे १८८० रोजी श्रीलंकेतील गाले येथे त्यांनी पंचशील ग्रहण केले. १८८५ मध्ये कोलंबोच्या समितीने बौद्ध ध्वज तयार केला. ध्वज ऑल्कॉट यांनीच बनवला असे सर्रास लिहिले जाते, पण रंगांची निवड समितीची. तो जहाजावरच्या पताकेसारखा लांबलचक होता. असा ध्वज मिरवणुकीत धरता येणार नाही, हे ऑल्कॉट यांनी ओळखले आणि राष्ट्रध्वजाचा नेहमीचा आकार सुचवला. युद्धात निशाणे वापरलेल्या माणसाची ही नजर होती, असे मला वाटते.

आपल्या दृष्टीने त्याहून मोठे काम मद्रासचे. १८९४ मध्ये त्यांनी तिथे अस्पृश्य मुलांसाठी मोफत शाळा काढली. १८९८ मध्ये, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या ५८ वर्षे आधी, पंडित अयोथी दास यांना ते श्रीलंकेला घेऊन गेले आणि तिथे दासांनी धम्म स्वीकारला. १७ फेब्रुवारी १९०७ रोजी अड्यार येथे ऑल्कॉट यांचे निधन झाले.