म्हाइंभटांचा मनोजय

जीवाचे मन एका ठायी स्थिरावत नाही, हा प्रत्येक साधकाचा अनुभव आहे. धन, घरदार, आप्तस्वकीय यांची आसक्ती लवकर ओळखू येते. परंतु विद्येची, मानाची आणि स्वमताची आसक्ती इतकी सूक्ष्म असते की, ती वैराग्याचा वेष घेऊनही मनात वावरू शकते. ही आसक्ती कशी सुटते, हे लीळाचरित्रकार म्हाइंभटांच्या जीवनात पाहावयास मिळते.

तेराव्या शतकात, यादवांच्या राजवटीत, सराळे येथील म्हाइंभट हे शास्त्रसंपन्न आणि धनसंपन्न ब्राह्मण म्हणून प्रसिद्ध होते. गणपती आपयो हे त्यांचे विद्यागुरू आणि सासरे. वादात आपणांस कोणी जिंकू शकत नाही, असा त्यांना अभिमान होता. हा ताठा मिरविण्यासाठी ते दिवसाही दिवट्या लावीत, असे परंपरा सांगते. असे मन वरून तृप्त भासले तरी आतून अस्वस्थच असते. एक वाद जिंकला की त्यास दुसरा हवा असतो. प्रतिपक्षी नसेल तर ते त्याचा शोध घेत हिंडते.

ह्याच अभिमानाने म्हाइंभट डोमेग्रामी सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंच्या दर्शनास आले. वाद झाला आणि त्यांचे पांडित्य तेथे निरुत्तर झाले. शब्दांनी वर्णिलेला मोक्ष आणि त्याची अंतःकरणापासूनची चाड यांत केवढे अंतर आहे, हे त्यांस उमगले. तथापि बुद्धीस पटलेले मनात उतरण्यास काळ लागतो. सर्वज्ञांच्या उत्तरापंथगमनानंतर म्हाइंभट ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले. ज्या पंडिताने वादसभा गाजविल्या, त्याच्या वाट्यास आता सेवा आली.

पुढे श्रीप्रभूंचेही सन्निधान अंतरले. आचार्य श्रीनागदेव एकांतात सर्वज्ञांच्या लीळांचे स्मरण करीत. हे स्मरण पुढील पिढ्यांस लाभावे, म्हणून ते लिहून ठेवण्याचा विचार म्हाइंभटांच्या मनात आला. आचार्यांची अनुमती घेऊन ऋद्धिपुरी वाजेश्वरी येथे लेखनास आरंभ झाला. ज्यांस सर्वज्ञांचे दर्शन घडले होते, त्यांच्याकडे म्हाइंभट स्वतः जात. शेतात नांगर धरणाऱ्या एका कुणब्यास लीळा सांगण्यास सवड नव्हती, तेव्हा त्यांनी स्वतः नांगर हाती घेतला आणि त्यास बोलते केले, अशी आठवण सांगितली जाते.

त्यांच्या मनाचा पालट येथे दिसतो. पूर्वी ते दुसऱ्याचे वाक्य ऐकत ते त्यातील दोष शोधण्यासाठी; आता ऐकत ते त्यातील एकही शब्द हरवू नये म्हणून. मनाची धाव तीच राहिली, विषय मात्र पालटला. त्या धावेस ईश्वरलीळांचे स्मरण मिळाले आणि मान, मत, जय ही बंधने आपोआप सैल झाली.

ह्याची साक्ष खुद्द ग्रंथातच आहे. सर्वज्ञांपुढे झालेला स्वतःचा पराभव झाकून ठेवणे ग्रंथकारास सहज शक्य होते. म्हाइंभटांनी तो लपविला नाही; इतर लीळांप्रमाणेच ती लीळाही नोंदविली. ज्याने आपला अपमान प्रभूंची लीळा म्हणून लिहिला, त्याच्या ठायी अभिमानास जागा कोठे उरणार?

इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि पुढील काही वर्षांत यादवांचे राज्य लयास गेले. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली. तरीही ज्यांनी ती मुखोद्गत केली होती, त्यांनी स्मरणातून ती पुन्हा सिद्ध केली. म्हणून आज तिचे अनेक पाठ आढळतात. लेखनास ज्या स्मरणातून आरंभ झाला, त्याच स्मरणाने ग्रंथ राखला.

मन आवरत नाही म्हणून खंतावणाऱ्या साधकाने, मग तो भिक्षू असो वा वासनिक, म्हाइंभटांकडे पाहावे. मनाशी नुसते झगडून ते रिते होत नाही. त्यास नित्य लीळास्मरणात गुंतवावे. जुनी ओढ हळूहळू क्षीण होते.