हिशेबाला चोख अहिल्यामाई

पंढरीत चंद्रभागेकाठचा होळकर वाडा आपण सगळेच पाहतो, तिथल्या रामरायाला हात जोडतो. तो वाडा उभारणाऱ्या अहिल्याबाईंचं स्मरण आम्ही करतो.

जामखेडजवळच्या चौंडीत १७२५ साली त्यांचा जन्म. १७५४ ला कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव धारातीर्थी पडले. पदरात मालेराव आणि मुक्ताबाई. सती जायला निघालेल्या सुनेला सासरे मल्हाररावांनी थांबवलं. पुढं ते मोहिमेवर असले की वसुली, रसद, खर्चाचे कागद सूनबाईच बघायच्या. १७६६ ला सासरे गेले, वर्षभरात मालेरावही गेला. माउलीनं दुःख गिळलं, पण कारभार सोडला नाही. महेश्वरी रोज फिर्यादी ऐकल्या, हिशेब तपासले.

नेम एकच. दौलतीचा पैसा वेगळा, खासगीचा वेगळा. काशीविश्वनाथाचं देऊळ, गावोगावचे घाट, अन्नछत्रं, हा दानधर्म खासगीतून. १७९१ ला मुक्ताबाई पतीमागं सती गेली, आईचं काही चाललं नाही. तरी त्या कामाला लागल्याच. १३ ऑगस्ट १७९५ ला त्यांनी देह ठेवला.

आमच्या साकीनाक्याच्या दिंडीतही एकटीनं लेकरं वाढवणाऱ्या, दिवसभर राबून रात्री भिशीची वही लिहिणाऱ्या माउल्या आहेत. देवाचा रुपया घरच्या पैशात मिसळत नाहीत. दिंडी टिकते ती अशा हातांमुळं. त्यांच्या पायांवर आमचा माथा.