कै. बाळशास्त्री जांभेकर

आमच्या नांदेड-लातूरकडे वैशाखाचे ऊन तापू लागले म्हणजे शाळा बंद होतात. मागे पडलेल्या मुलांकरिता सुटीत वर्ग भरविला, की शिक्षकांपुढे एक पेच उभा राहतो : मुलांस आधी वाचन पक्के करावे, की शास्त्र शिकवावे? बाळशास्त्री जांभेकरांस हा पेच पडलाच नसता, असे आम्हांस वाटते.

कोकणातील पोंभुर्ले हे त्यांचे गाव. जन्म १८१२ सालचा. संस्कृताचे पाठ घरी झाले, इंग्रजी व गणित त्यांनी मुंबईस आत्मसात केले. ६ जानेवारी १८३२ रोजी, वयाच्या अवघ्या विशीत, त्यांनी 'दर्पण' हे पत्र काढले. मध्यंतरी अक्कलकोटच्या बालराजांचे ते शिक्षक होते. (अक्कलकोट आमच्या लातुराहून फारसे लांब नाही, हे सांगण्याचा मोह आवरत नाही.) १८३४ साली ते एल्फिन्स्टनमध्ये असिस्टंट प्रोफेसर झाले. पुढे कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही त्यांनी पाहिले.

परंतु आमच्या मते त्यांचे खरे कार्य १८४० साली निघालेल्या 'दिग्दर्शन' मासिकात आहे. अक्षरओळख झालेल्या मराठी मुलास त्या काळी पोथ्या, बखरी व नीतिकथा यांखेरीज वाचावयास फारसे नसे. पदार्थविज्ञान व रसायन इंग्रजीच्या कुलपात बंद होते. 'दिग्दर्शना'ने ते विषय भूगोल, इतिहास व व्याकरण यांच्या पंक्तीस बसविले व नकाशेही दिले. 'बालव्याकरण' लिहिणाऱ्या याच हाताने गणितातील 'शून्यलब्धि' हा ग्रंथही मराठीत उतरविला. ते नाव आज मागे पडून 'कलन' रूढ झाले आहे, आणि शास्त्रीबोवांची भाषा मुलांच्या मानाने जड होती, हेही कबूल केले पाहिजे. तरी मराठीत हे सांगता येते, एवढे सिद्ध झाले.

आमच्या मराठवाड्यात ते पोहोचण्यास शतक लोटले. निजामी अमलात, १९४८ पर्यंत, सरकारी हायस्कुलांत शास्त्र उर्दूतूनच शिकावे लागे. मराठी घरातील मुलगा आधी नवी लिपी गिरवी. उष्णतेचा धडा त्यानंतर.

गावोगावच्या शाळांस जाणते गुरुजी मिळावेत म्हणून १८४५ साली मुंबईत अध्यापनवर्ग निघाला, त्याची धुरा बाळशास्त्र्यांकडे आली. पुढच्याच वर्षी, १८४६ च्या मे महिन्यात, ते निवर्तले. वय अवघे चौतीस.