रसायनशास्त्रज्ञ बर्थोले

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या वाटेने पूर्वेकडे गेले, की पुढे बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे प्रसिद्ध सरोवर लागते. पूर्वी उन्हाळ्यात त्याचे पाणी आटले, म्हणजे काठावर जमणारा पांढरा खार लोक गोळा करीत. अशाच खाऱ्या सरोवरांच्या काठी, दूर इजिप्त देशात, एका फ्रेंच विद्वानाला सृष्टीचा एक मोठा नियम उमगला. क्लोद लुई बर्थोले हे त्या विद्वानाचे नाव.

बर्थोले ह्यांचा जन्म ९ डिसेंबर १७४८ रोजी आल्प्स पर्वताच्या परिसरातील सव्हॉय प्रांतात झाला. वैद्यकाची पदवी घेऊन ते पॅरिसला आले आणि तेथे रसायनशास्त्राच्या अभ्यासात रमले. त्या काळी कापड शुभ्र करण्यासाठी ते कित्येक आठवडे उन्हात पसरून ठेवावे लागे. क्लोरीन वायूच्या साह्याने हे काम थोड्या वेळात होते, असे बर्थोले ह्यांनी १७८५ मध्ये दाखवून दिले. ह्या शोधातून त्यांना अमाप धन मिळविता आले असते. परंतु त्यांनी तो सर्वांना खुला केला.

पुढे फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. सैनिकांसाठी आणलेल्या मद्यात व्यापाऱ्यांनी विष मिसळले, असा संशय सत्ताधाऱ्यांना आला. बर्थोले ह्यांनी ते तपासले आणि त्यात विष नाही, असा निर्वाळा दिला. सत्ताधाऱ्यांना हे रुचले नाही. तेव्हा त्यांच्या देखतच बर्थोले ह्यांनी त्या मद्याचा एक पेला पिऊन टाकला, असे सांगतात. सत्यासाठी त्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घातला आणि निरपराध माणसांचे प्राण वाचविले.

१७९८ मध्ये नेपोलियनबरोबर ते इजिप्तला गेले. तेथील सरोवरांच्या काठी त्यांना सोड्याचे थर दिसले. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड ह्यांची द्रावणे एकत्र केली, तर चुनखडी आणि मीठ तयार होते. येथे मात्र विपुल मीठ आणि चुनखडी ह्यांपासून सोडा होत होता! क्रिया उलट दिशेने चालली होती. ह्यावरून त्यांनी ताडले, की रासायनिक क्रियेची दिशा पदार्थांच्या स्वभावाप्रमाणेच त्यांच्या प्रमाणावरही अवलंबून असते. हा विचार त्यांनी १८०३ मध्ये ग्रंथरूपाने मांडला.

परंतु त्याच विचाराच्या ओघात, संयुगातील घटकांचे प्रमाणही बदलू शकते, असे मत त्यांनी मांडले. प्रूस्त नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते खोडून काढले. दोघांचा वाद काही वर्षे चालला. पण त्यात कटुता नव्हती. ह्या मतातील चुकीमुळे लोकांनी बर्थोले ह्यांच्या खऱ्या शोधाकडेही पाठ फिरविली. ६ नोव्हेंबर १८२२ रोजी त्यांचे निधन झाले.

१८६४ मध्ये गुल्डबर्ग आणि वागे ह्या नॉर्वेतील दोघा विद्वानांनी त्या उपेक्षित विचाराला गणिताचे रूप दिले. उलटसुलट दोन्ही क्रियांचा वेग सारखा झाला, म्हणजे समतोल साधतो. त्या वेळच्या पदार्थांच्या प्रमाणांवरून एक अंक काढता येतो, आणि तापमान कायम असेपर्यंत तो बदलत नाही. त्याला समतोल स्थिरांक म्हणतात. क्रिया उलटी लिहिली, की स्थिरांकही उलटा होतो. दहाचा एकदशांश होतो. एका क्रियेचा स्थिरांक दहा आणि तिला जोडून येणाऱ्या दुसरीचा पाच असेल, तर दोन्ही मिळून होणाऱ्या क्रियेचा स्थिरांक त्यांचा गुणाकार, म्हणजे पन्नास असतो. त्यामुळे जी क्रिया प्रत्यक्ष मोजणे अवघड, तिचाही स्थिरांक माहीत असलेल्या क्रियांवरून काढता येतो.

आज प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत हे गणित नित्य उपयोगी पडते. बर्थोले ह्यांच्या मतातील चुकीचा भाग काळाने गाळून टाकला; सरोवराकाठी त्यांनी ओळखलेले सत्य मात्र टिकून राहिले.